निवृत्तीनंतर सहलीचं खातं कसं चालवावं

निवृत्तीचे पैसे हातात आले की काही घरं दोन महिन्यांत युरोपची सहल ठरवून मोकळी होतात. काही घरांत मात्र ‘उद्या आजारपण आलं तर?’ म्हणत माथेरानलाही जाणं होत नाही. दोन्हीकडे चूक एकच असते, सहलीला किती पैसे आहेत हे कुणी मोजलेलंच नसतं. घरखर्च, औषधपाणी आणि फिरणं एकाच बचत खात्यातून चाललं की पासबुकातला आकडा आज भरपूर वाटतो आणि उद्या अपुरा. म्हणून सहलीसाठी वेगळं बचत खातं उघडा. दर तिमाहीला त्यात ठरलेली रक्कम येऊ द्या आणि खात्यात असेल तेवढंच फिरा. मुद्दलाला हात लावायचा नाही.

ती रक्कम ठरवायची तर आधी मुंबईतला खरा घरखर्च काढावा लागतो. ‘महिन्याला साधारण तीस-पस्तीस’ या अंदाजावर विसंबू नका, मागच्या बारा महिन्यांचं पासबुक घेऊन बसा. जे खर्च महिन्याला येत नाहीत तेच विसरले जातात. सोसायटीचा मेंटेनन्स बऱ्याच ठिकाणी तिमाही असतो, पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, मेडिक्लेमचा हप्ता वर्षातून एकदाच पण दणदणीत असतो. शिवाय दिवाळीची पोस्त, लग्नामुंजीचे आहेर आणि गावच्या घराची घरपट्टी आहे. महापालिका हद्दीत घर ५०० चौरस फुटांहून मोठं असेल तर मालमत्ता करही आहे, त्याहून लहान घरांना तो माफ आहे. इमारत जुनी असेल तर रंगकाम किंवा दुरुस्तीची वर्गणी कधीही दारात येऊ शकते. गणपतीला गावी जाणं हा घरखर्चच आहे, सहलीच्या खात्यात तो धरू नका. ते टळणार नसतं आणि त्यात विश्रांतीही नसते.

आता एक हिशेब मांडू. एक जोडपं घ्या, दोघंही साठीच्या पुढचे, घर स्वतःचं, कर्ज नाही. महिन्याचा खर्च सगळं धरून ३८,००० रुपये, फक्त मेडिक्लेम आणि मोठी औषधं बाजूला. पेन्शन २२,०००. हाताशी ५५ लाख. त्यांतले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. या योजनेची एका व्यक्तीची कमाल मर्यादा हीच आहे. ८.२ टक्के दराने, जो एप्रिल २०२३ मध्ये लागू झाला, दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येतं. ९ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये. पेन्शन धरून २७,५५० झाले. महिन्याची तूट १०,४५०, म्हणजे तिमाहीला ३१,३५०. ती ६१,५०० मधून भरली की ३०,१५० उरतात. त्यांतले १४,१५० मेडिक्लेम आणि औषधांच्या खात्यात जातात, १६,००० सहलीच्या खात्यात. वर्षाला ६४,००० रुपये.

उरलेल्या १६ लाखांपैकी ३ लाख बँकेत मुदत ठेवीत, दोन-तीन पावत्या करून ठेवा. एकच मोठी पावती केली तर पन्नास हजारांसाठी पूर्ण ठेव मोडावी लागते. बाकी १३ लाखांचं काम पुढे येतं.

या हिशेबात एक खोट आहे आणि ती बहुतेकांना तिसऱ्या वर्षी कळते. पोस्टाचं व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, भाजी आणि बाईचा पगार मात्र वाढत जातो. महागाई ६ टक्के धरली तर ३८,००० चा खर्च दुसऱ्या वर्षी ४०,२८० होतो. तिमाहीला ६,८४० रुपये जास्त लागतात आणि ते निघतात सहलीच्या १६,००० मधूनच. म्हणजे दुसऱ्या वर्षी तिमाहीला जेमतेम नऊ हजार आणि तिसऱ्या वर्षी अगदी दोन हजारांच्या आसपास. सरकारी पेन्शनला महागाई भत्त्याचा आधार असतो, ईपीएसच्या, म्हणजे खासगी नोकरीतल्या भविष्य निर्वाह निधीच्या, पेन्शनला नाही. हा खड्डा भरायला ते १३ लाख आहेत. पहिलं वर्ष त्यांना हात लावू नका. दुसऱ्या वर्षापासून वाढलेल्या घरखर्चाएवढी रक्कम दर महिन्याला काढत चला. हे पैसे हायब्रिड, म्हणजे शेअर आणि रोखे दोन्हींत गुंतवणाऱ्या, म्युच्युअल फंडात ठेवायचे असतील तर बाजार पडला की अर्धे घाबरून काढणार नाही, एवढी तयारी हवी. ती नसेल तर काही भाग सरळ मुदत ठेवीत ठेवा आणि कमी फिरा.

म्हणून मोठ्या सहली आधी उरका. पहिल्या पाच-सहा वर्षांत गुडघेही साथ देतात आणि व्याजही. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि गौरीकुंडापासून सोळा किलोमीटरची चढण आहे. लेहही जवळपास त्याच उंचीवर आहे आणि तिथे पहिले दोन दिवस नुसतं पडून राहावं लागतं. हे पासष्टीच्या आत. पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर कुठे पळून जात नाहीत.

पैसे ठेवताना कुठे चुकतं

ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं उघडताना व्याज आपोआप बचत खात्यात जमा होईल अशी सूचना लेखी द्या. न उचललेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही. व्याजाच्या तारखा १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारी, सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. खातं पाच वर्षांचं असतं. वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज मुद्दलातून वळतं होतं. एक ते दोन वर्षांत बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का कापतात. तीस लाखांवर दीड टक्का म्हणजे ४५,००० रुपये, अख्खी एक सहल. म्हणून सगळे तीस लाख एकाच खात्यात टाकू नका. दहा-दहा लाखांची तीन खाती काढा, गरज पडलीच तर एकच मोडेल.

टीडीएस, म्हणजे व्याज हातात येण्याआधीच कापला जाणारा कर, हा सहलीचा खरा शत्रू. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस कापला जात नाही. पण आपल्या उदाहरणात ज्येष्ठ नागरिक योजनेचंच व्याज २,४६,००० आहे. कर लागत नाही अशी स्वयंघोषणा, जिला आजवर सगळे १५-एच म्हणत आले, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिली नाही तर तिमाहीच्या ६१,५०० मधून ६,१५० कापले जातात. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात, पण जुलैच्या तिकिटांना उपयोगी पडत नाहीत. ही घोषणा दरवर्षी नव्याने आणि जिथे जिथे ठेव आहे तिथे तिथे वेगळी द्यावी लागते. पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर ठेव केली तर तिचं व्याज करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. नावं वाटून घ्यायची ती सोय आणि सुरक्षितता म्हणून. प्रत्येक खात्यावर दोघांची नावं आणि नामनिर्देशन असायलाच हवं.

गल्लीतली सहकारी बँक अर्धा-पाऊण टक्का जास्त देते. ठेवावेत तिथे पैसे, पण ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच आहे. म्हणून चार-साडेचार लाखांच्या वर जाऊ नका. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून हजार रुपयेच काढता येत होते. सहलीचं खातं तर अशा ठिकाणी नकोच.

पुनर्विकासात सोसायटी गेली असेल तर बिल्डरकडून मिळणारं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी मिळणारा निधी, सहलीत उडवू नका. भाडं थकू शकतं, ताबा लांबतो आणि नव्या टॉवरचा मेंटेनन्स जुन्या चाळवजा इमारतीच्या कितीतरी पट असतो. कॉर्पस त्या मेंटेनन्ससाठीच आहे.

वेळ ही तुमची सवलत

रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. तुमच्याकडे जी सवलत उरली आहे ती कॅलेंडरची. नोकरदार शुक्रवारी रात्री निघतात, तुम्ही सोमवारी निघा. मे महिना, दिवाळीचा आठवडा, नाताळ ते १ जानेवारी आणि शनिवार-रविवार वगळले की तीच खोली बऱ्याचदा निम्म्या ते दोन-तृतीयांश भाड्यात मिळते. कोकण जानेवारी-फेब्रुवारीत, हिमाचल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, राजस्थान दिवाळीची गर्दी ओसरल्यावर.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस डोक्यातून काढून टाका. तिकीट काढताना ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा निवडा. तो साठीवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांच्यासाठी आहे आणि एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं असली तरच चालतो. इथेच घोळ होतो. दोन जोडपी एकत्र निघतात, ‘शेजारी शेजारी बसू’ म्हणून चौघांचं एकच तिकीट काढतात, आणि सत्तरीच्या वहिनींना वरचा बर्थ येतो. दोन वेगळी तिकिटं काढा. मुलगा बरोबर असेल तर त्याचंही वेगळं.

चढण्याचं स्टेशन विचारपूर्वक ठरवा. ठाण्याला घर जवळ असलं तरी गाडी तिथे थोडाच वेळ थांबते आणि दोन बॅगा घेऊन डबा शोधताना धावपळ होते. गाडी जिथून सुटते तिथे ती आधी लागलेली असते, शांतपणे बसता येतं. कुर्ला टर्मिनसला मात्र लोकलने जाण्याचा हट्ट नको. टिळकनगर किंवा विद्याविहारहून सामान ओढत नेण्यापेक्षा घरापासून टॅक्सीचे पैसे अंदाजपत्रकात धरा. विमानाचं तिकीट काढताना ते मुंबईहून आहे की नवी मुंबईहून, हे आता बघावंच लागतं. बोरिवलीहून नवी मुंबई विमानतळ गाठायचा तर स्वस्त तिकिटातली बचत टॅक्सीतच जाते. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच नोंदवा, काउंटरवर पोहोचून मागू नका.

एसटी मात्र अजून ज्येष्ठांची आहे. ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ मध्ये अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं. हे राज्याच्या हद्दीपुरतं आहे. गोवा किंवा बेळगावच्या गाडीत हद्दीपलीकडचं भाडं पूर्ण पडतं. वयाचा पुरावा मूळ ओळखपत्र हवा, फोनमधल्या फोटोवरून वाहकाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तारकर्लीची तीन रात्रींची सहल उदाहरणादाखल घेऊ, दोघांसाठी. खोली रात्रीला २,४०० प्रमाणे ७,२००. जेवणखाण चार दिवस, दिवसाला हजार, म्हणजे ४,०००. रेल्वेची जाण्यायेण्याची तिकिटं २,४००. कुडाळ स्टेशन ते तारकर्ली रिक्षा दोन्ही वेळा मिळून १,८००. एकूण १५,४००, तिमाहीच्या सोळा हजारांत बसतं. कोकणकन्या रात्री निघून सकाळी कुडाळला सोडते, मांडवी सकाळी निघते आणि दुपारनंतर पोहोचते. रात्री गाडीत झोप लागत नसेल तर मांडवीच बरी, आणि त्या गाडीचं खाणं आहेच. खोली ठरवताना फोनवर चार प्रश्न विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि गाडी दारापर्यंत येते का. एमटीडीसीच्या निवासात तळमजल्याच्या खोल्या आधी जातात. माशांच्या ताटाचा भाव मागवण्याआधी विचारायचा, पापलेटचा तर नक्कीच. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात बंद असते, आणि चालू असतानाही होडीत चढताना पाय घसरतो. कॅनव्हासचे बूट घाला, चप्पल नको.

वर्षाच्या ६४,००० मधून अशी एक सहल, ४२,००० ची सात रात्रींची एक मोठी, आणि उरलेल्या ६,६०० मध्ये एसटीने एखादं देवस्थान. तीन सहली पुष्कळ झाल्या.

यात्रा कंपनीबरोबर जायचं असेल

माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरचा दर हा खरा दर नसतो. जीएसटी धरला आहे का, विमानतळापर्यंतचा खर्च कुणाचा, ड्रायव्हर-गाइडची टिप किती आणि सक्तीची का, प्रवेश तिकिटं कुणी काढायची, हे लेखी घ्या. काश्मीरमध्ये पहलगामला बेताब व्हॅली, चंदनवाडीसाठी तिथल्याच युनियनची टॅक्सी करावी लागते आणि ती बहुधा दरात नसते. एकटीने जाणाऱ्या बाईला एका खोलीचं जादा भाडं पडतं. त्याऐवजी जोडीदारीण शोधून देता का, असं कंपनीला विचारा. रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, हा तक्ता पैसे भरण्याआधी बघा. पैसे कंपनीच्या खात्यावरच भरा, ‘साहेबांच्या’ वैयक्तिक नंबरवर नाही. परदेश सहलीवर कंपनी टीसीएस, म्हणजे सहलीच्या पैशांबरोबरच वसूल होणारा कर, घेते, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरून परत मिळतो. त्याची नोंद पुढच्या जुलैपर्यंत जपून ठेवा.

मॉलमध्ये कूपन भरलं, ‘बक्षीस लागलं, दोघांनी मिळून या, जेवण आहे’ असा फोन आला, तर जाऊ नका. तिथे तीन तास बसवून पंचवीस वर्षांच्या हॉलिडे सदस्यत्वावर सह्या घेतात. वार्षिक देखभाल शुल्क वेगळं असतं आणि हव्या त्या तारखा मिळत नाहीत. पासष्टाव्या वर्षी पंचवीस वर्षांचा करार कशाला?

केदारनाथ हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच मिळतात. बाकी जे दिसतं ते बहुतेक बनावट. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

निघण्याआधी

जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही. फोन बंद म्हणजे बँकेचा ओटीपी बंद आणि पैसेही अडकले. दोघांपैकी एकाचं तरी सिम महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्या आणि सहलीच्या खात्याचं कार्ड त्याच नंबरला जोडा. बरोबर फक्त हेच कार्ड न्यायचं. पेन्शनच्या आणि ठेवींच्या खात्याचं कार्ड घरी कुलपात. फोन हरवला, पिन कुणी बघितला, तरी नुकसान सहलीपुरतंच राहतं.

नोव्हेंबरमध्ये सरकारी पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, ८० वर्षांवरील लोकांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, आता फोनवर चेहरा दाखवूनही होतं, पण ते सहलीला निघण्याआधी करा, हॉटेलच्या वायफायवर नाही. ईपीएस पेन्शनचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, त्याची तारीख वेगळी लिहून ठेवा. मेडिक्लेमच्या नूतनीकरणाची तारीख प्रवासात येत असेल तर हप्ता आधी भरा. सवलतीचे दिवस मिळतात, पण हप्ता भरेपर्यंत मधल्या दिवसांत आजारपण आलं तर संरक्षण नसतं. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून पाकिटात ठेवावं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात येतात. प्रवासात जिथे पोहोचू तिथलं कुठलं रुग्णालय योजनेत आहे ते आधी बघून ठेवा.

औषधं सहलीच्या दिवसांच्या दीडपट, सगळी हातातल्या बॅगेत. इन्सुलिन विमानाच्या सामानात टाकू नका. चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, शिमल्याच्या दुकानात मुंबईचा ब्रँड नसतो.

परत आल्यावर दोन दिवसांत, बॅगा उघड्या असतानाच हिशेब मांडा. ठरवलेला आकडा एका रकान्यात, झालेला दुसऱ्यात. बहुतेक वेळा खोली आणि तिकीट बरोबर निघतात. रिक्षा, चहापाणी आणि नातवंडांसाठीची खरेदी हे तीनच रकाने फुगलेले दिसतील. पुढच्या सहलीच्या अंदाजात त्यांना वीस टक्के जास्त धरा. फरक सहलीच्या खात्यातूनच वळता करा आणि तो भरून येईपर्यंत पुढचं तिकीट काढू नका.